हवे तिथे, नको तिथे

केस ह्या वस्तूबद्दल माणसाचे नेमके म्हणणे काय आहे, हे साठी उलटली तरी मला कळलेले नाही. डोक्यावरचे गेले की पुरुष हळहळतो, हनुवटीवर आले की बाई हळहळते. भुवया दाट हव्यात, पण त्या दोन हव्यात. मधे पूल बांधून एक झाल्या की पार्लरवाली दातात दोरा धरून तयारच असते. पापण्या लांब हव्यात. तीन फुटांची वेणी असली तर साऱ्या आळीत कौतुक, आणि त्याच वेणीच्या मालकिणीच्या वरच्या ओठावर पाव इंचाची लव दिसली तर त्याच आळीत कुजबुज. म्हणजे हरकत केसाला नाही, त्याच्या पत्त्याला आहे.

आमच्या घरी हा प्रश्न सकाळी वर्तमानपत्राबरोबरच येतो. पुरवणीच्या एका पानावर 'टकलावर पुन्हा केस' आणि बरोबर त्याच्या पाठीला 'नकोसे केस कायमचे घालवा'. ह्यांनी आपली जाहिरात कापून घेतली की दुसरीचे तुकडे होतात. एका कागदाच्या दोन बाजूंना एकच धंदा दोन्हीकडून चाललेला असतो, आणि मधे माणूस आपले डोके, गाल, ओठ घेऊन उभा.

गंमत अशी, की निसर्गाच्या दुकानातही हा धंदा एकच मालक चालवतो. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन, आणि त्याच्या अधिक कडक अवताराचे नाव डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. (हे नाव पुरते उच्चारून होईपर्यंत ह्यांचे आणखी दोन केस गळतात.) ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याच्या डोक्यावरची केसांची मुळे हे रसायन आकसून टाकते, आणि हनुवटीवरच्या मुळांना तेच रसायन खतपाणी घालते. सरकारने एकाच आदेशाने एका तालुक्यात झाडे तोडावीत आणि शेजारच्या तालुक्यात वनमहोत्सव साजरा करावा, त्यातला प्रकार. हे फक्त पुरुषांचे रसायन आहे असेही नाही. बायकांच्या बीजकोशात आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन टोपीएवढ्या ग्रंथींतही ते थोडे थोडे तयार होतच असते. केसांची छिद्रे बाईला आणि पुरुषाला जवळजवळ सारखीच मिळालेली असतात, सुमारे पन्नास लाख, आणि ती जन्माआधीच मोजून दिलेली. बाईच्या गालावर केस 'नव्याने उगवतो' असे आपण म्हणतो ते खरे नव्हे. तिथे लव आधीपासून होतीच. रक्तातून हुकूम आला म्हणून तिने काळा, जाड गणवेश घातला. शाळेच्या पुस्तकात हॉर्मोनला 'संप्रेरक' म्हणतात. ह्या शब्दात संप आधी आणि प्रेरणा नंतर का येते, हे मला पुढे भाचीच्या निमित्ताने समजले.

भाचीकडे येण्याआधी आमच्या धाकट्या भाऊजींची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांच्याशिवाय आमच्या घरात कुठलाही विषय पुरा होत नाही. ते तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ह्यांच्या डोक्याकडे बघून ते नेहमी युबुलिडीझची आठवण काढतात. हा मिलेटसचा ग्रीक तत्त्वज्ञ, ॲरिस्टॉटलच्या काळातला. त्याने विचारले होते : भरघोस केसांच्या माणसाचा एक केस काढला तर तो टकला होतो का? नाही. आणखी एक काढला तर? तरीही नाही. मग असे एकेक करत नेमक्या कितव्या केसाला तो टकला होतो? अडीच हजार वर्षे होत आली, विद्वानांचे अजून एकमत नाही. ह्यांच्यापुरता प्रश्न केव्हाच सुटला आहे, परंतु भाऊजींना ते पटत नाही.

मला मात्र तो प्रश्न उलटा जास्त महत्त्वाचा वाटतो. कितव्या केसाला लवेची मिशी होते? आणि ते ठरवते कोण?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लहानपणी गडगडाट करून हसायची. दुसऱ्या मजल्यावर हसली की तळमजल्यावरचे आजोबा काठी आपटत. चौदा-पंधराव्या वर्षापासून ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "मोठी झाली हो, वळण लागलं!" असे सगळे म्हणाले. वळण कसले! हाताच्या आड वरचा ओठ होता. त्याच वर्षी तिच्या चुलतभावाला मिसरूड फुटले. तो आरशापुढून हलेना. आजोबांनी त्याला दाढीचे सामान आणून दिले आणि पहिल्या दाढीचे फोटो साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरले. एकाच घरात, एकाच वर्षी, एकाच जागी आलेले केस. पण एकाचा समारंभ आणि दुसरीचे सुतक.

मग उपायांची सभा भरली. आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "लहानपणी अंगाला पिठाचा गोळा फिरवला नसणार. आम्ही आमच्या मुलींना रोज फिरवला." बाळाच्या अंगावरची ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते, गोळा फिरवला नाही तरी गळते. पण पिढ्यान्‌पिढ्या श्रेय गोळ्याला जात आले आहे आणि गोळ्यानेही कधी नाकारलेले नाही. शेजारच्या काकूंनी मसुराचे पीठ, हळद आणि दूध सांगितले. त्याने ओठ पिवळा झाला आणि त्या पार्श्वभूमीवर लव अधिकच उठून दिसू लागली. शेवटी भाचीने कंटाळून भावाचे रेझर उचलले, तेव्हा मात्र सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या : "अगं, वस्तरा लावू नकोस, राठ येतील!"

ह्या एका वाक्यावर जगातल्या सगळ्या आया, आत्या, माम्या सहमत आहेत. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली चार पुरुषांना ठरावीक पद्धतीने दाढी करायला लावून, कापलेले केस मोजून, तपासून पाहिले. वस्तऱ्याने केस जाड होत नाही आणि जोमानेही वाढत नाही, असे त्यांना आढळले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून हाताला राठ लागते, एवढेच. मी हे सभेत सांगितले. नणंदबाई म्हणाल्या, "त्या अमेरिकेत. आपल्याकडे राठच येतात."

ह्या साऱ्या प्रकारात आणखी एक गोष्ट चालली होती, तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी वळी दिसू लागली होती. माझी बहीण स्वच्छतेची कडक. दर रविवारी मुलीला न्हाणीघरात बसवून काथ्याने मान घासायची. "एवढी घोडी झालीस, मान धुता येत नाही?" मान लाल व्हायची, वळी तशीच. आणि तिची पाळी चार-चार महिने येत नव्हती. ही गोष्ट फक्त तिला एकटीलाच ठाऊक होती, आणि तिची काही तक्रारही नव्हती. "कटकट नाही, बरंच की," असे तिने मला नंतर सांगितले.

म्हणजे बघा. मुलीच्या ओठाविषयी आमच्याकडे आजोबांपासून चुलतभावापर्यंत सर्वांना मत होते. दिवाणखान्यात, पंख्याखाली, चहा पिता पिता त्यावर बोलता येत होते. लग्नाच्या बाजारात त्याचा काय परिणाम होईल ह्याचे अंदाजपत्रकसुद्धा मांडून झाले होते. पण पाळी हा शब्द त्या पंख्याखाली निघू शकत नव्हता.

तत्त्वज्ञानाची बाजू भाऊजींनी सांभाळली. "वहिनी," ते म्हणाले, "देह आहे तसा स्वीकारावा. केस निसर्गानं दिले. ते काढायचे म्हणजे समाजाच्या गुलामीवर आपणच शिक्का मारायचा. तिला सांगा, आहे तशी ताठ मानेनं राहा."

मी विचारले, "भाऊजी, आज दाढी केलीत?"

"केली की. रोज करतो."

"का?"

"स्वच्छ वाटतं."

"मग ही कुणाची गुलामी?"

"ते वेगळं."

तर्कशास्त्रात ह्या सिद्धांताला काय म्हणतात हे विचारायचे राहून गेले. शिवाय भाऊजी दर दुसऱ्या रविवारी मिशीला कलप लावतात, हे मी मोठेपणाने काढले नाही.

पण त्यांचे म्हणणे अगदीच झटकून टाकण्यासारखे आहे असे नाही. 'नकोसे केस' ह्या शब्दातला नकार कुणाचा, हा प्रश्न खरा आहे. १९१५ साली अमेरिकेत एका रेझर कंपनीने खास बायकांसाठी रेझर काढला आणि काखेतल्या केसांची लाज कशी वाटून घ्यावी, हे जाहिरातींनी बायकांना शिकवायला घेतले. अर्ध्या मानवजातीने दाढी करायची म्हणजे उरलेली अर्धी गिऱ्हाइके वाया जातात, हे दु:ख कुठल्याही व्यापाऱ्याला सहन होण्यासारखे नाही.

आपल्याकडे तर लोकांनी ठरवलेल्या नकोसेपणाचा ह्याहून वाईट इतिहास आहे. नवरा गेला की बाईच्या डोक्यावरचे केस नकोसे ठरत. तिला नव्हे, इतरांना. काल ज्या वेणीचे कौतुक तीच आज अपवित्र, आणि त्या कामाला न्हावी बोलावला जाई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे ठरवले. ज्यांच्या पोटाचा धंदा केस कापण्यावर त्यांनी हात आखडला. ज्यांच्या घरच्या त्या लेकी-सुना होत्या, त्यांच्यातले पुष्कळजण शास्त्रार्थ करीत बसले. मला जेव्हा कुणी विचारते की बाईने केस काढणे योग्य की अयोग्य, तेव्हा मला आधी विचारावेसे वाटते, वस्तरा कुणाच्या हातात आहे? भाचीच्या हातातले रेझर आणि त्या काळच्या परसातला वस्तरा ह्यांचे पाते सारखे असेल, पण भाऊजींना ते एकाच खात्यात जमा करता येणार नाही. आणि 'काढ' म्हणणारे जसे तिला विचारत नव्हते, तसेच 'काढू नकोस' म्हणणारे भाऊजीही तिला विचारत नव्हते. दोघेही तिच्या ओठाशी बोलत होते.

तिला पहिल्यांदा काही विचारले ते हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी. मी आणि बहीण दोघी बरोबर गेलो होतो. बाईंनी ओठाकडे बघितलेसुद्धा नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाळी वर्षातून किती वेळा येते?" भाचीने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि म्हणाली, "तीनदा." बहिणीच्या हातातली पर्स खाली पडली.

मग बाईंनी एक गुणपत्रिका काढली. ही गुणपत्रिका मोठी गमतीची आहे. १९६१ साली इंग्लंडात फेरीमन आणि गॅल्वे ह्या दोघांनी ती आखली. आधी शरीरावरच्या अकरा जागा होत्या, पुढे नऊ ठेवल्या : वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, दंड आणि मांड्या. प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण. एकूण छत्तीस. ज्या परीक्षेत शून्य मिळाले तर घरी पेढे वाटावेत अशी मला ठाऊक असलेली ही एकमेव परीक्षा. किती गुणांना केस 'जास्त' म्हणायचे हे सर्व देशांत सारखे नाही. कुठे आठ धरतात, कुठे चार-सहालाच काळजी घेतात. युबुलिडीझच्या प्रश्नाला डॉक्टरांनी दिलेले हे उत्तर. भाऊजींना मी ते ऐकवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे सात गुणांना निरोगी आणि आठ गुणांना रोगी?" डॉक्टरीणबाईंना ही शंका आधीच ठाऊक असावी. त्या भाचीला म्हणाल्या होत्या, "आकड्याला फार भिऊ नकोस. कित्येक मुलींना केस भरपूर असतात आणि रक्त अगदी चोख निघतं. आजीकडून आलेलं असतं सगळं. कित्येकींना केस चार आणि आत गडबड मोठी. म्हणून तर पाळीचं विचारलं."

मग त्यांनी मान बघितली. बहीण घाईघाईने म्हणाली, "किती घासते मी, पण हिला स्वच्छतेची—"

"घासू नका," बाई म्हणाल्या. "मळ नाही तो."

रक्तात इन्शुलिन वाढत राहिले की मानेची, काखेची कातडी अशी काळवंडते. तेच इन्शुलिन बीजकोशांना चिथावते, मग बीजकोश ते टेस्टोस्टेरॉन जास्त तयार करू लागतात. महिन्याच्या महिन्याला बीज सुटत नाही, पाळी लांबते, ओठावर लव गणवेश चढवते. आत संप, बाहेर प्रेरणा. पीसीओएस किंवा पीसीओडी म्हणून आता घरोघरी ज्याचे नाव झाले आहे ते हे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल ह्यांनी सात बायकांवरून त्याचे वर्णन लिहिले. पण त्याच्याही आधी, १९२१ साली, पॅरिसच्या आशार आणि तिएर ह्या डॉक्टरांनी एक निबंध लिहिला होता, त्याचे नाव 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह'. नाव ऐकून हसू येते. पण दाढी आणि साखर ह्यांचे काहीतरी नाते आहे, हे त्या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी हेरले होते. आम्ही त्या नात्यावर हळद लावत बसलो होतो, आणि दुसऱ्या टोकाला काथ्याने घासत.

पाळी महिनोन्‌महिने आलीच नाही तर गर्भाशयाचे आतले अस्तर साठत जाते, आणि वर्षानुवर्षे तसे राहिले तर कर्करोगाचा धोका वाढतो. साखरेचा धोका वेगळाच. आणि एखादीला थोड्याच महिन्यांत भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, तर एकही दिवस वाया न घालवता दाखवावे. क्वचित तिथे गाठ असते. बाईंनी हे सगळे शांतपणे, चहाची पाककृती सांगावी तसे सांगितले. बहीण काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने न्हाणीघरातला काथ्या उचलून कचऱ्यात टाकला. पुढच्या रविवारी न्हाणीघरातून कुणाचाच आवाज आला नाही.

एवढे झाल्यावर भाऊजींना वाटले, त्यांचा मुद्दा सिद्ध झाला. "बघा, खरा प्रश्न आरोग्याचा. आता औषध घ्या आणि ते ओठाचं सोडून द्या." पण औषध नवा केस यायला आळा घालते, ज्याने गणवेश चढवला तो काही औषधाने राजीनामा देत नाही. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायलाच सहा महिने लागतात. सहा महिने मुलीने तोंडावर हात ठेवून बसायचे? कौले चाळली पाहिजेत हे खरे, पण आत शिरलेले पाणी पुसायलाही हवे. आणि नुसते पुसत बसून कौले तशीच ठेवणे तर सर्वांत महागाचे, हे आम्हांला लेसरवाल्याकडे कळले.

तिथला तरुण फार गोड होता. "मॅडम, सहा सिटिंगमध्ये कायमचं. आज पैसे भरले तर काखा फ्री." मी विचारले, "आणि नाही गेले तर?" तेव्हा मात्र त्यानेच काखा वर केल्या.

'कायमचे' हा शब्द आपण किती सहज वापरतो! ह्या मर्त्य जगात घरमालक सोडला तर कायम काय राहिले आहे? लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधत जातो आणि त्या उष्णतेने मूळ जाळतो. पण केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच मुळाला धग नीट पोचते. बाकीचे त्या वेळी झोपलेले असतात. म्हणून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा जायचे, उरलेल्यांना गाठायचे. पांढऱ्या केसात काळा रंगच नसल्यामुळे लेसर त्याला ओळखत नाही. आपल्यासारख्यांच्या कातडीतही रंग भरपूर, म्हणून यंत्र आणि हात दोन्ही जाणते नसतील तर केसाऐवजी गाल भाजतो. अमेरिकेतले औषध-नियंत्रक लेसरला 'केसांची कायमची घट' एवढेच म्हणू देतात. 'कायमचे निर्मूलन' हा शब्द विजेच्या सुईसाठी राखून ठेवला आहे. एकेका मुळात सुई घालून वीज सोडायची, एकेक केस करत. १८७५ साली सेंट लुईच्या चार्ल्स मिशेल ह्या डोळ्यांच्या डॉक्टरने, आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांसाठी ही युक्ती जाहीर केली. रीत जुनी, खात्रीची आणि सहनशीलतेची कसोटी पाहणारी; युबुलिडीझ त्या खोलीत खुश झाला असता. आणि आत हॉर्मोनचा गोंधळ चालूच असेल तर जाळलेल्या केसाशेजारची लव पुढच्या वर्षी भरतीला उभी राहते. कधी कधी तर लेसरनेच आसपासचे केस वाढतात, विशेषत: चेहऱ्यावर. हे 'काखा फ्री'वाल्याने सांगितले नव्हते, डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

आणि ह्या हौसेपायी, किंवा ज्याला आपण हौस म्हणतो त्यापायी, बायकांनी काय काय सोसले ते वाचले की हसू मावळते. १८९६ साली व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडने एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस क्ष-किरणांनी घालवून दाखवले. क्ष-किरण सापडून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत शहरोशहरी सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांत बायका क्ष-किरणांच्या पेटीसमोर गाल धरून बसल्या. केस गेले. मग कित्येकींची कातडी गेली, आणि काही वर्षांनी काहींना कर्करोग झाला. १९३०च्या सुमाराला तिथेच एक मलम खपत होते, त्यात थॅलियम होते. थॅलियमने उंदीर मारतात. ते मलम लावून बायका पांगळ्या झाल्या, काहींची दृष्टी गेली. नुसता नखरा असता तर इतके कुणी सोसले असते का, हे मी भाऊजींना विचारले. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, ह्या अट्टहासाची किंमत फार आहे. जगात भूक आहे, साथी आहेत, आणि शास्त्रज्ञांनी ओठावरच्या लवेवर संशोधन करायचं?"

तेव्हा मी त्यांना एफ्लॉर्निथिनची गोष्ट सांगितली. आफ्रिकेत एका माशीच्या चावण्याने झोपेचा रोग होतो. माणूस गुंगत जातो आणि उपचार झाले नाहीत तर मरतो. जुने औषध आर्सेनिकचे. ते स्वत:च काही रोग्यांचा जीव घेई. मग एफ्लॉर्निथिन आले. १९९० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बेशुद्ध माणसे त्याने उठून बसत, म्हणून लोक त्याला पुनरुत्थानाचे औषध म्हणू लागले. पण ज्यांना हा रोग होतो त्यांच्या खिशात पैसे नसतात. तेव्हा १९९०च्या दशकाच्या मध्याला कारखान्याने ते बनवणे थांबवले. परवडत नाही! पुढे असे दिसले, की हेच औषध मलमातून लावले तर केसांची वाढ मंदावते. २००० साली बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी त्याचे मलम बाजारात यायला परवानगी मिळाली. मिशीसाठी औषध आहे आणि मरणासाठी नाही, ह्याचा बोभाटा झाला. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन झोपेच्या रोग्यांसाठी पुरवठा पुन्हा सुरू झाला.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मिशीनं माणसं वाचवली म्हणायचं की मिशीनं माणसांची लाज काढली?" मला वाटते दोन्ही. लाज मात्र मलम लावणारीची नव्हे. तिने ओठ नितळ मागितला, दुसऱ्याच्या तोंडचे औषध मागितले नव्हते. कुणाची गरज मोजायची आणि कुणाची नाही ह्याचा ताळेबंद मांडणारे लोक वेगळेच असतात, आणि त्यांच्या दाढ्या रोज सकाळी अगदी गुळगुळीत केलेल्या असतात.

भाचीचे आता बरे चालले आहे. गोळ्या चालू आहेत, रोज तासभर चालते, भात कमी केला म्हणून आजीशी भांडते. पाळी येते, आली की आईला मोठ्याने सांगते, आणि पंख्याखाली आजोबा बसलेले असले तरी सांगते. आजोबा वर्तमानपत्र जरा वर धरतात. ओठाचे आणि हनुवटीचे काम एका त्वचेच्या डॉक्टरांकडे चालू आहे. "हातावरचे पण काढून टाक की," असे चुलतभावाने सुचवले तेव्हा म्हणाली, "राहू देत. त्यांनी माझं काय वाकडं केलंय?" हसताना हात अजून कधी कधी तोंडाशी जातो. सवय आहे, केसांआधी ती लागली की केसांनंतर, तिलाही आठवत नाही.

माझे म्हणाल तर पाळी गेल्यापासून माझ्याही हनुवटीवर एक केस येतो. एकच, पण निष्ठावंत. नातीने तो शोधून काढला आणि "आजी, तुला एक दाढी आहे," असे भर लग्नात जाहीर केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या वयात बाईपणाची हॉर्मोन्स एकदम उतरतात, दुसरी तेवढ्या वेगाने उतरत नाहीत, म्हणून असा एखादा डोके वर काढतो. तो पांढरा आहे, त्यामुळे लेसरचा प्रश्न नाही. भाचीने मला चांगला जर्मन चिमटा आणून दिला आहे. अडचण एवढीच, की केस दिसायला चष्मा लागतो आणि चष्मा कुठे ठेवला हे दिसायलाही चष्मा लागतो. सापडेल त्या दिवशी उपटते. नाही सापडला तर भाऊजींचे ऐकते आणि निसर्गाचा स्वीकार करते.